आजोबांबद्दल दोन ओळींच्या पुढे लिहिताच येत नाही

पत्र (थोडं कापून देतेय):

ताई नमस्कार. मी डिचोली तालुक्यातली, नोकरीला पणजीत. माझे आजोबा मागच्या वर्षी गेले, 78 वर्षांचे होते. आता वर्षश्राद्ध आलंय आणि त्या दिवशी त्यांच्यावर एक छोटी पुस्तिका काढायची असं घरात ठरलंय, लिहिणारी घरात मीच म्हणून ते माझ्या गळ्यात. आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. 1966 ला बेळगावला भरती, 71 च्या लढाईत होते, 83 ला हवालदार म्हणून रिटायर. मग 84 पासून 2012 पर्यंत खाणीच्या गेटवर वॉचमन, रात्री 10 ते सकाळी 6, आणि तिथून घरी न येता सरळ काजूच्या भाटात, म्हणजे बागेत. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. फक्त एवढंच म्हणायचे की आम्ही नदी ओलांडून त्यांच्या मागे जाऊन बसलो आणि रातभर गोळी चालली. लहानपणची एक गोष्ट मात्र सांगायचे, पोर्तुगीज गेले तेव्हा मिलिटरी बघायला रस्त्यापर्यंत धावत गेलो होतो म्हणून. काका म्हणतात लिही की त्यांनी दहा पाकिस्तानी मारले आणि ढाक्याला सरेंडर झालं तेव्हा तिथे उभे होते. आई म्हणते लोक हसतील, अर्धं आयुष्य गेटवर गेलं ते लिही. आजी म्हणते, "किदें गो बरोवपाचें तातूंत." मी "आजोबा खूप कष्टाळू होते, देशासाठी लढले" एवढं लिहिते आणि पुढे काही सुचतच नाही. काय करू?
— एक नात

ता.क. त्यांची ट्रंक अजून कोणी उघडली नाही, किल्ली आजीकडे. आणि 2012 ला खाण बंद पडली तरी ते बरेच दिवस रोज रात्री बॅटरी घेऊन गेटपर्यंत जाऊन यायचे. का, ते कोणी विचारलं नाही.

*

बाय,

तुझं पत्र वाचलं आणि आधी हसायला आलं, कारण लिहायला काही सुचत नाही असं सांगायला तू एवढं लिहिलंस आणि त्या ता.क. मध्येच निम्मी पुस्तिका आहे. पण ते नंतर.

"कष्टाळू होते, देशासाठी लढले" ह्यात खोटं काही नाही. फक्त हे वाक्य कोणाच्याही आजोबांना चालतं. पेपरात श्रद्धांजलीच्या चौकटी येतात ना, त्या एकदा बघ, सगळेच प्रेमळ, मनमिळाऊ, कष्टाळू आणि सगळ्यांचीच उणीव कधीही भरून न निघणारी, खालचं नाव बदला वरचा फोटो बदला काम झालं. तू तिथे अडकलीस कारण तुझे आजोबा त्या वाक्यात नाहीतच हे तुला कळतंय. हे चांगलं लक्षण आहे, लिहिता येत नसल्याचं लक्षण नव्हे.

तुमच्या घरात भांडण चाललंय ते कुठल्या आजोबांवर लिहायचं ह्यावर. काकांना 71 चे पाहिजेत, आईला गेटवरचे, आणि आजीला वाटतं ह्यात लिहिण्यासारखं काय आहे. माझं स्पष्ट मत सांगू? त्यांनी जे केलं ते लिही, आणि जे कोणीतरी डोळ्यांनी बघितलंय किंवा जे कागदावर आहे तेवढंच लिही. बाकी सगळं गाळ. तुला वाटेल मग उरणार काय, तर बघ किती उरतं ते.

आधी ट्रंक. आजीची मर्जी राखून, तिच्या समोर उघड, ती नको म्हणाली तर चार दिवस थांब पण तिच्या मागे उघडू नकोस. आत तुला बहुतेक डिस्चार्ज बुक मिळेल, पीपीओ म्हणजे पेन्शनचा कागद, काही जुनी पत्रं, आणि मेडल्स. डिस्चार्ज बुकात आर्मी नंबर, भरतीची तारीख, रिटायर झाल्याची तारीख, कुठली बटालियन हे सगळं असतं. मेडल्स नीट बघ. 71 ला पूर्वेकडे लढलेल्यांना पूर्वी स्टार मिळाला, पश्चिमेकडे लढलेल्यांना पश्चिमी स्टार, आणि संग्राम मेडल त्या काळात नोकरीत असलेल्यांना. गोल मेडल असेल तर कडेला, म्हणजे नाण्याची कड असते तिथे, नंबर आणि नाव बारीक कोरलेलं असतं, बॅटरीच्या उजेडात तिरकं धरून वाच. आणि कृपा करून चिंच लावून किंवा ब्रासोनं घासून चकचकीत करायला जाऊ नकोस, ते कोरलेलं नावच झिजतं आणि मेडलची किंमत त्या नावात आहे. कागद लॅमिनेट करू नकोस. भिंतीवरचा फ्रेममधला फोटो आपल्याकडच्या पावसाळ्यांनी काचेला चिकटलेला असेल तर ओढून काढायला जाऊ नकोस, आहे तसा काचेवरूनच आधी फोटो काढून घे, फ्लॅश बंद करून, दारातल्या उजेडात. फ्रेमवाल्याकडे नंतर जा.

पत्रं मिळाली तर पत्ता बघ. 56 एपीओ की 99 एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) ते लिहिलेलं असतं. 99 म्हणजे पलटण तेव्हा पूर्वेकडे होती. गावाचं नाव नसतं त्यात, मुद्दामच नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं घरच्यांना आपला माणूस नेमका कुठे आहे ते माहीतच नसायचं आणि तरी मनीऑर्डर मात्र यायची.

डिस्चार्ज बुक सापडलंच नाही तर पणजीत सैनिक कल्याणाचं सरकारी ऑफिस आहे, तू तिथेच नोकरीला आहेस म्हणजे लंच टाइममध्ये जमेल, तिथे आर्मी नंबर घेऊन जा. आणि मराठा एलआयचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावलाच आहे, आजीच्या सहीनं अर्ज केलास तर उत्तर येतं, पण सरकारी वेगानं, म्हणून आजच लिही.

आता त्या एका वाक्याबद्दल. नदी ओलांडून त्यांच्या मागे जाऊन बसलो आणि रातभर गोळी चालली. अगं एवढंसं वाक्य वाचून मी उठून बसले. मराठाची पहिली बटालियन, जिला जंगी पलटण म्हणतात, 1768 सालची, ती डिसेंबर 71 मध्ये जमालपूरला होती. तेव्हाचं पूर्व पाकिस्तान, आता बांगलादेश. जमालपुरात पाकिस्तानची 31 बलुच बटालियन पक्की मोर्चे बांधून बसलेली, समोरून जाणं म्हणजे माणसं फुकट घालवणं, म्हणून आपली पलटण ब्रह्मपुत्रा ओलांडून गावाच्या मागे, दक्षिणेकडे गेली आणि ढाक्याचा रस्ता अडवून बसली. कमांडिंग ऑफिसर होते लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार. ब्रिगेडचे कमांडर ब्रिगेडियर क्लेर, त्यांनी एका बंगाली माणसाच्या हातून पाकिस्तानी कर्नल सुलतान अहमदला चिठ्ठी पाठवली की शरण ये, तर उत्तर आलं त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. मग 10 डिसेंबरच्या रात्री ते पाकिस्तानी सैन्य अंधारात बाहेर पडून ढाक्याकडे निसटायला निघालं आणि सरळ आपल्या लोकांनी अडवलेल्या रस्त्यावर येऊन आदळलं. पहाटेपर्यंत चाललं ते. 11 ला जमालपूर पडलं.

नदी, मागे जाऊन बसणं, रात्रभर गोळी. तिन्ही गोष्टी जुळतात. पण जुळतात म्हणून लगेच लिहू नकोस हं, डिस्चार्ज बुकात 1 मराठा एलआय आहे का ते आधी बघ. असेल तर तुझ्या आजोबांनी 50 वर्षं त्या एका वाक्यात जे सांगितलं ते अगदी बरोबर आणि पूर्ण होतं, काकांच्या दहा माणसांची त्यात भर घालायची काही गरज नाही. दुसरी पलटण निघाली तर त्या पलटणीचं शोध, प्रत्येकीचा इतिहास आहे, आणि मी वर लिहिलेलं सगळं पुस्तिकेतून बाहेर ठेव.

आणि अजून एक गंमत, म्हणजे गंमत कसली, मला तर अंगावर काटा आला. जंगी पलटण असेल तर 12 डिसेंबरला त्यांची गाठ पडली टांगाइलजवळ पूंगलीच्या पुलावर, आदल्या संध्याकाळी विमानातून उडी मारून तिथे उतरलेल्या 2 पॅरा बटालियनशी. ही 2 पॅरा म्हणजे जुनी मराठाचीच बटालियन. आणि 1961 ला डिसेंबरात दोडामार्गच्या बाजूनं गोव्यात शिरून फोंड्याकडे गेली ती हीच. तुझे आजोबा 78 व्या वर्षी मागच्या वर्षी गेले म्हणजे तेव्हा चौदाएक वर्षांचं पोर, मिलिटरी बघायला रस्त्यापर्यंत धावलेलं. दहा वर्षांनी तोच पोरगा बंगालमध्ये एका पुलावर त्याच बटालियनच्या जवानांना भेटतो. हे त्यांना स्वतःला माहीत होतं का कोण जाणे, पण तू दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेव, तारखांसकट, आणि वर काही भाष्य करू नकोस. वाचणाऱ्याला कळतं.

काकांच्या ढाक्याच्या गोष्टीसाठी मात्र तो सरेंडरचा फोटो उघडून बघ, 16 डिसेंबरचा, टेबलाशी बसलेले जनरल अरोरा आणि नियाझी. मागे उभे आहेत ते बडे अधिकारी. गोव्याशी ज्यांचा संबंध आहे असे त्यांत दोघे आहेत, एक जनरल सगतसिंग, ज्यांनी 61 ला ब्रिगेडियर असताना पॅरा ब्रिगेड घेऊन गोव्यात प्रवेश केला, आणि दुसरे जनरल जेकब, जे पुढे आपल्या गोव्याचे राज्यपाल झाले. त्या टेबलाशी तुझ्या आजोबांना उभं करायचं असेल तर ह्या दोघांना आधी थोडं सरकावं लागेल. काकांना असंच सांग, हसत सांग, भांडू नकोस. वर्षश्राद्धाला पलटणीतला कोणी म्हातारा आला आणि त्यानं ती ओळ वाचली तर तो काही बोलणार नाही, पुस्तिका मिटून खिशात ठेवेल, जेवेल आणि जाईल, आणि आजोबांच्या नावापुढे एक खोटं कायमचं राहील जे त्यांनी स्वतः आयुष्यात कधी बोललं नाही. काका असं का करतात ते पण समजून घे. मुलाला बापाबद्दल काहीतरी मोठं हातात पाहिजे असतं, आणि बापानं काहीच दिलं नाही, म्हणून तो स्वतः बनवतो. त्यावर उपाय म्हणजे काकांना त्यांचं स्वतःचं पान दे. विषय मात्र तू ठरव: बाबांबरोबर एकट्यानं केलेला एखादा प्रवास, किंवा बाबांनी दिलेला मार, किंवा बाबा रजेवर आले तेव्हा ओळखता आलं का. ढाका आपोआप बाजूला पडेल बघ.

आणि हो, "शहीद" शब्द कुठल्या बॅनरवर येणार नाही ह्याची काळजी घे, आजकाल लोक सर्रास लावतात. ते घरी, म्हातारे होऊन गेले. माजी सैनिक. हवालदार, आणि डिस्चार्ज बुकात किंवा पीपीओत ऑनररी रँक असेल तर ती.

आता गेट. तुझी आई म्हणते ते लिही, आणि लाज वाटून घेऊन लिहू नकोस, कारण मला विचारशील तर खरा जीव ह्या भागात आहे. लढाई 13 दिवसांची होती. गेट 28 वर्षं. त्या माणसानं 17 वर्षं फौजेत जागता पहारा दिला आणि घरी येऊन परत तेच काम पत्करलं, कारण हवालदाराची त्या काळची पेन्शन म्हणजे काय असायची ते आजीला विचार, आकड्यासकट विचार, तिला आठवत असणार. डिचोली तालुक्यात तेव्हा काम म्हणजे खाण. रात्रभर टिपर, म्हणजे खनिजाचे ट्रक, आत बाहेर, रजिस्टरात नंबर लिहायचे, लाल धूळ कानात नाकात, आणि सहाला सुटलं की झोप नाही, भाट.

ह्या भाटाचं तू पत्रात एका शब्दात उरकलंस आणि मला ह्याचाच राग आला. मार्च ते मे काजूचं काम काय असतं ते तुला माहीत आहे, तू त्या घरात वाढलीस, पण पुस्तिका वाचणारी पुण्या-मुंबईतली नातवंडं असतील त्यांना काय माहीत. पडलेले बोंडू वाकून वाकून वेचायचे, बी पिरगळून वेगळी करायची, बिया वाळत घालायच्या, बोंडू कोळंबीत (तुडवायच्या कुंडीत) घालून पायांनी तुडवायचे, नीरो म्हणजे रस काढायचा, रस आंबला की भाटी (दारूची भट्टी) लावायची, पहिल्या धारेची उराक, परत गाळली की फेणी, आणि भाटीची आग सांभाळायला माणूस लागतोच, म्हणजे दुपारची झोपही गेली. मग रात्री 10 ला परत गेट. माणूस झोपायचा कधी? हा प्रश्न पुस्तिकेत असाच विचार आणि आजीचं उत्तर खाली लिही. त्यांच्या एका दिवसाचे 24 तास लिही, एप्रिल महिन्यातला कुठलाही दिवस धर, 90 सालचा म्हण, तास लावून. "कष्टाळू" हा शब्द त्या पानावर एकदाही येता कामा नये.

स्वतः उराक गाळणारा माणूस स्वतः प्यायचा का हे पण विचारून घे, दोन्ही उत्तरं चांगलीच आहेत. आणि कॅंटीनचा रमचा कोटा कोणाकोणाला जायचा ते तर वाड्यावर सगळ्यांना माहीत असेल! माजी सैनिकाचे महिन्याच्या सुरुवातीला अचानक किती मित्र होतात हा आपल्याकडे वेगळाच विषय आहे.

मग ती बॅटरी. खाणी सप्टेंबर 2012 ला सरकारनं थांबवल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, तुमच्या तालुक्यात घराघरात काय झालं ते मी तुला सांगायला नको, हप्त्यावर घेतलेले टिपर अंगणात उभे राहिले. आणि पासष्टीचा माणूस पगार बंद झालेला असताना रात्री गेटपर्यंत जाऊन बघून येतो. का ते कोणी विचारलं नाही, बरोबर, आणि आता विचारता येणार नाही, तर तू उत्तर बनवू नकोस. "कर्तव्यनिष्ठा" वगैरे लिहायचा मोह होईल तुला. नको. तू ता.क. मध्ये जसं लिहिलंस तसंच लिही, त्यातला एक शब्द बदलू नकोस, फक्त किती दिवस जायचे आणि शेवटी कोणी थांबवलं की आपणच थांबले एवढं आजीला विचार.

ते लढाईबद्दल बोलले नाहीत ह्याचंही तसंच. घरच्यांना वाटतं ही पुस्तिकेतली रिकामी जागा आहे, भरली पाहिजे. मला नाही वाटत. न बोलणं हे त्यांनी केलेलं काम आहे, 50 वर्षं रोज केलेलं. कधी बोलले नाहीत, कोणी विचारलं तर काय करायचे (उठून गुरांकडे जायचे? विषय बदलायचे? रेडिओ मोठा करायचे?), चवथीला, म्हणजे गणपतीत, फटाके वाजले की आत जायचे की बाहेर, रात्री झोपेत काही बोलायचे का. हे घरात प्रत्येकानं बघितलेलं असतं. काही उत्तरं आजीला द्यायची नसतील, तिनं मान फिरवली की तू तिथेच थांब. ती गोष्ट तिची.

आणि एक सांगू, तुझ्या पत्रात आजोबांच्या रागाबद्दल एक अक्षर नाही. 17 वर्षं फौजेत काढलेला, वर्षानुवर्षं अर्धीच झोप मिळालेला माणूस घरात कधी आवाज चढवत नव्हता असं मला कोणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही. पोरांना किती वाजता उठवायचे? बूट, म्हणजे चपला, सरळ रेषेत नसतील तर? त्यांचं कोणाशी कायमचं बिनसलेलं होतं का? सगळं चव्हाट्यावर आणायचं नाही, गावात राहायचंय तुम्हाला, पण दोन वाक्यं तरी अशी असू देत ज्यात ते चुकले किंवा कोणाला दुखावलं. नाहीतर फोटोतला हार घातलेला माणूस उरतो.

आजीकडून कसं काढायचं ते सांगते. समोर मोबाइल ठेवून "आजी, आजोबा कसे होते" असं विचारलंस की ती "बरे होते" म्हणेल आणि संपलं. ती भाजी चिरत असताना, किंवा आमसुलं वाळत घालताना जाऊन बस, हाताखाली काहीतरी काम घे आणि बारीक बारीक विचार. लग्नात पहिल्यांदा बघितलं तेव्हा ते युनिफॉर्मवर होते का. दोन महिन्यांची रजा संपायची तेव्हा बेळगावची गाडी कुठून पकडायचे, तू सोडायला जायचीस का. पत्र कोण वाचून दाखवायचं, उत्तर कोण लिहायचं, आणि दुसऱ्यानं लिहायचं म्हटल्यावर मनातलं सांगता यायचं का तुला. 17 वर्षांत किती चवथी घरी मिळाल्या त्यांना. पैसे कुठे ठेवायचे. भाटातला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, कोणी घातला. शेवटचं भाटात कधी गेले. ती कोकणीत जे बोलेल ते कोकणीतच लिही, तिचं मराठी करायला जाऊ नकोस, तिचा आवाज मरेल त्यात. पहिलं वाक्य तर तुझ्याकडे आहेच, "किदें गो बरोवपाचें तातूंत". मी असते तर हेच मुखपृष्ठाच्या आत पहिल्या पानावर छापलं असतं, तिला विचारून.

आजीशिवाय अजून लोक आहेत. गेटवर त्यांच्याबरोबर पाळी बदलणारा कोणीतरी असेल, 6 वाजता ज्याच्या हातात रजिस्टर द्यायचे तो. टिपर ड्रायव्हर असतील. घुमट (आपलं मातीचं वाद्य) वाजवायचे का, आरतीत कोणाशेजारी उभे राहायचे. 19 डिसेंबरला, गोवा मुक्तिदिनाला, शाळेत झेंड्याला बोलवायचे का त्यांना, आणि काय घालून जायचे. ह्या लोकांना फोन करू नकोस, रविवारी जाऊन भेट, फोनवर सगळे "चांगला माणूस होता" म्हणतात.

छापायचं म्हणशील तर मोठं काही करू नका. 12 ते 16 पानं पुरे, अक्षर मोठं, म्हाताऱ्यांना वाचता येईल असं. कव्हरवर युनिफॉर्मचा फोटो सगळे लावतील, लावा, पण मागच्या कव्हरवर भाटातला लाव, गळ्यात टॉवेल, हातात कोयती, कोणीतरी सहज काढलेला. नसेल असा फोटो तर त्यांच्या कोयतीचा काढ. आमदार सरपंचांचे शुभसंदेश नकोत, त्यातच चार पानं जातात आणि त्यांना आजोबांचं नाव सुद्धा धड माहीत नसतं. देणगीदारांची नावं वगैरे तर अजिबात नको.

कविता करू नकोस. सांगून ठेवते, कारण बाराव्या पानाला प्रत्येकाला कविता सुचते.

आणि ह्या सगळ्यात एक व्यवहाराचं. ट्रंकेतले कागद हातात आहेतच तर आजीची फॅमिली पेन्शन नीट लागली आहे ना ते बघून घे. स्पर्श ह्या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर तिचं नाव, जन्मतारीख, आधार जुळतंय का, दरवर्षीचा हयातीचा दाखला कोण भरतंय, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या औषधोपचार योजनेचं, कार्ड चालू आहे का. जन्मतारीख विशेष करून बघ, जुन्या कागदांवर आपल्या बायकांच्या तारखा कोणीही काहीही लिहिलेल्या असतात, आणि 80 पूर्ण झाली की फॅमिली पेन्शनवर 20 टक्के जादा मिळते ती त्या तारखेवरच ठरते. काही चुकलेलं असेल तर त्याच सैनिक कल्याणच्या ऑफिसात विचार, एकाच फेरीत दोन्ही कामं होतील.

काकांचं पान सगळ्यात आधी माग. ते उद्या देतो परवा देतो करत शेवटच्या दिवशी चार पानं देतील आणि त्यात ढाका असेलच. तेव्हा भांडू नकोस, "काका, हे तुम्ही स्वतः बघितलं तेवढं ठेवते" म्हण आणि बाकीचं खोड. ओरडतील थोडे, ओरडू देत.